माझा, सोड

तो गोल मी खोटं बोलून केला. चेंडू पायानेच मारला, पण त्याआधी तोंडाने जे केलं, त्याला खेळ म्हणत नाहीत.

पेडण्याहून आमचा शाळेचा फुटबॉल संघ गोव्याच्या खाणपट्ट्यातल्या पाळी गावी गेला होता. ऑगस्ट महिना. मैदान खाणीच्या रस्त्याला लागून, त्यामुळे चिखलही खनिजासारखाच लाल. मध्यंतरापर्यंत आमचे पांढरे आणि त्यांचे पिवळे सदरे एकाच रंगाचे झाले. पावसात चेहरे दिसत नव्हते. आम्ही एकमेकांना आवाजावरून ओळखत होतो.

दोन्हीकडची मुलं चेंडू आपला असला की 'म्हजो' म्हणून ओरडत. घराघरांत तेव्हा कोंकणी की मराठी यावर वाद चालत. मराठीचा कैवार घेणारे माझे वडीलसुद्धा तो वाद कोंकणीतच घालायचे. मैदानावर तो प्रश्न नव्हता. फक्त त्यांचा गोलकीपर आणि त्याच्यापुढे खेळणारा बॅक, ही दोघं कोल्हापूरकडची, खाणकामगारांची मुलं. गोलकीपर "माझा, सोड" म्हणाला की बॅक मागे न बघता बाजूला होई. तासभर मी ते ऐकत होतो.

शेवटची पाच मिनिटं उरली, तरी एकही गोल नव्हता. एक उंच चेंडू त्या बॅकसमोर डबक्यात पडून रुतला. मी त्याच्या पाठीमागेच होतो. गोलकीपरसारखा आवाज काढून मी म्हणालो, "माझा, सोड." त्याने उचललेला पाय मागे घेतला. मी पुढे होऊन चेंडू आत ढकलला.

बॅक पंचांकडे धावला. हाक आली म्हणून थांबलो, असं सांगू लागला. पंचांनी गोलकीपरला विचारलं. तो म्हणाला, मी तोंडच उघडलं नाही. मग पंचांनी आम्हाला विचारलं, कुणी हाक दिली का? मी वाकून बुटाची नाडी बांधत राहिलो. गोल दिला गेला, आम्ही जिंकलो. त्यांच्याच संघातला एकजण बॅकला म्हणाला, "घाट्या, कान घरा दवरून आयलो रे?" कान घरीच ठेवून आलास का, या टोमण्यावर बाकीचे हसले. गोलकीपर हसला नाही, पण मित्राजवळही गेला नाही. परतताना सरांनी आम्हाला पातळभाजी-पाव दिला. मी दोन पाव जास्त खाल्ले.

गेल्या वर्षी म्हापशाला माझी स्कूटर बंद पडली. गॅरेजवाला इंजिनाजवळ कान नेऊन ऐकत बसला. बोलणं कोल्हापूरकडचं. पाळीला वाढलो, म्हणाला. फुटबॉल खेळायचात का, असं मी विचारलं. बॅक होतो, तो म्हणाला. एका मॅचनंतर सोडून दिलं. गोलकीपर शेजारच्याच खोलीत राहायचा, पण त्या दिवसापासून बोलणं तुटलं. "त्याला वाटलं, मी माझी चूक त्याच्यावर ढकलली."

"मला तर अजून वाटतं, हाक आली होती," तो स्पॅनर पुसत म्हणाला.

स्कूटर सुरू झाली होती. ती मी बंद केली.

"आली होती," मी म्हणालो. "मी मारली होती, तुमच्या मित्राच्या आवाजात. पंचांनी विचारलं तेव्हाही गप्प बसलो. तुम्ही बरोबर ऐकलं होतं. ते जिथे असतील तिथे मला घेऊन चला, त्यांनाही हेच सांगतो. माझं चुकलं. मला माफ करा."