मुकादमाचा दगड

२१ डिसेंबर, रविवार. मागच्या अंगणातला निळा ड्रम धुवायचं काम काढलं होतं. दोन महिने झाले, ड्रम भरतच नव्हता. तळाशी शेवाळ धरलं होतं. झाकण वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर एक भोकाभोकांचा दगड ठेवलेला होता, तो उतरवून मी भिंतीशी ठेवला, ड्रम आडवा केला आणि त्यात येणारी पांढरी बारीक नळी कुठं तुंबली आहे ते बघायला ओढली. नळी सगळीच्या सगळी हातात आली. दुसरं टोक कापलेलं होतं. माझी समजूत अशी, की ही नळी माझ्या स्वयंपाकघरातल्या फिल्टरची. ती निघाली मोहनभाऊजींच्या खोलीच्या खिडकीतून.

मोहनभाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. त्यांना जाऊन त्या दिवशी पाच आठवडे झाले होते. वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, स्वादुपिंडाच्या कॅन्सरनं. लग्न केलं नव्हतं. वाळूजला एका कारखान्यात मालाची तपासणी करायचे आणि गारखेड्यातल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत राहायचे. मी लग्न होऊन आले तेव्हा ते कॉलेजात होते. म्हणजे मी त्यांना अठ्ठावीसएक वर्षं जेवायला वाढलं. एवढ्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही, आणि मी त्यांना बोलले नाही असा आठवडा आठवत नाही. बोलायला कारण असायचं. त्या खोलीत त्यांनी समुद्र पाळला होता.

कारखान्यातल्या मित्रांबरोबर ते एकदा कोकणात गेले, तेव्हा पहिल्यांदा समुद्र पाहिला. परत आले ते गप्प गप्प. दोन महिन्यांनी चार फुटी काचेची टाकी आली, मग पिंपातून विकतचं मीठ आलं, भोकाभोकांचे दगड आले आणि शेवटी पुण्याहून पिशवीतून एक मासा आला. ट्रिगरफिश. गर्द निळा, दात लालसर, शेपटीची दोन टोकं लांब सुटलेली. तळहाताएवढा होता, पुढं वीतभर झाला. बरोबर आणलेले दोन छोटे मासे त्यानं महिनाभरात संपवले, तेव्हापासून एकटाच. दिवसभर तोंडात खडे धरून इकडचे तिकडं टाकायचा, काचेवर टक् टक् आवाज यायचा. हीटरची वायर चावायचा. भाऊजींनी त्याचं नाव मुकादम ठेवलं. सासूबाई तेव्हा होत्या. त्या दारात उभ्या राहून बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “आपल्या सात पिढ्यांनी मेंढरं राखली, अन् ह्यो मासं राखतोय. व्हय रं, ह्याची लोकर कधी कातरायची?” भाऊजी म्हणाले, “दिवाळीला, आई. तुला घोंगडी करतो.”

खाऱ्या पाण्याच्या माशाला नळाचं पाणी चालत नाही. आधी ते फिल्टरमधून गाळून घ्यायचं, मग त्यात मीठ कालवायचं, दुर्बिणीसारख्या एका छोट्या नळीतून खारटपणा बघायचा आणि दर रविवारी टाकीतलं थोडं पाणी काढून हे नवं भरायचं. आमच्याकडे नळ आठ-आठ दिवसांनी येतो. ज्या घरात भांडी विसळलेलं पाणी झाडांना जातं, त्या घरात हा माणूस रविवारी बादल्या भरून माशाला अंघोळ घालतो, हे माझ्या डोक्यात बसत नव्हतं. मी म्हणायची, “भाऊजी, तुमच्या माशाला आरओचं पाणी आणि आम्हाला टँकरचं. पुढच्या जन्मी मला मासाच करा.” एकदा ते म्हणाले, “वहिनी, त्याचं पाणी वाया जात नाही. तो ड्रम आहे ना मागं...” मी मध्येच म्हणाले, “ते हिशेब कारखान्यात सांगा. मी पाणी भरते, मला शिकवू नका.” ते हसले आणि बादली उचलून गेले. ते वाक्य त्यांनी पुन्हा कधी पुरं केलं नाही.

माशाचं आणि माझं जमलं नाही. झाकण उघडलं की तो वर येऊन माझ्या तोंडावर पाण्याची पिचकारी मारायचा. भाऊजींच्या हातून मात्र सालासकट कोळंबी खायचा. त्याचे दात वाढत राहतात म्हणे, कडक काही चावायला लागतं. कोळंबीचा डबा माझ्या फ्रिजमध्ये ठेवायचा नाही, हा माझा नियम. त्यांनी मुकाट्यानं स्वतःच्या खोलीत छोटा फ्रिज आणला. मी विचारलं, “एवढं काय आहे हो त्या माशात?” ते म्हणाले, “वाळूजला दिवसभर मशीनचा आवाज. घरी आल्यावर कुणीतरी एकटंच दगड हलवतंय... तेवढा आवाज बरा वाटतो.” मला ते उत्तर कळलं नाही. मी कुकर लावायला निघून गेले.

एक गोष्ट मात्र त्यांनी मला शिकवली होती. संध्याकाळ झाली की मुकादम एका ठरलेल्या दगडाच्या भोकात शिरायचा, फक्त शेपटी बाहेर. पाठीवरचा काटा उभा करून आत स्वतःला असा अडकवून घ्यायचा, की ओढून निघणार नाही. भाऊजींनी मला हाक मारून दाखवलं. “पुढचा मोठा काटा कितीही दाबा वहिनी, मोडंल पण वाकायचा नाही. मागचा बारका दाबला की मोठा आपोआप खाली बसतो. पण तो दाबायचा नाही. बसल्या जागेवरून कुणाला उठवू नाही. आपल्याला नुसतं माहीत असावं.”

ऑक्टोबरात डॉक्टरांनी सांगितलं, आता घरी न्या. दिवाळी चार दिवसांवर होती. पलंगाला दोन्ही बाजूंनी माणूस जायला जागा हवी, ऑक्सिजनचं यंत्र हवं, त्याला वेगळा प्लग हवा. मागच्या खोलीत हे सगळं बसायचं तर टाकी काढणं भाग होतं. सगळ्यांना मी असंच सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. पण पलंग हॉलमध्ये टाकता आला असता. हॉल मोठा आहे, तिथं दोन प्लग आहेत. हॉल मला दिवाळीला येणाऱ्या लोकांसाठी मोकळा हवा होता. आणि खरं सांगायचं तर त्या पाण्यावर माझा दहा वर्षांचा राग होता. भाऊजी शुद्धीवर होते, मोबाईल त्यांच्या उशाशी होता. विचारलं असतं तर त्यांनी ‘हो’च म्हटलं असतं. तो ‘हो’ मला ऐकायचा नव्हता, म्हणून मी विचारलं नाही.

आमच्याच भागातल्या एका दंतवैद्यांच्या दवाखान्यात खाऱ्या पाण्याची टाकी आहे. ते मासा घ्यायला तयार झाले. त्यांची दोन माणसं संध्याकाळी आली. मुकादम दगडात जाऊन बसला होता. त्यांनी जाळी घातली, काठी घातली, दगड हलवला. तासभर गेला. एक जण म्हणाला, “ताई, पत्थरसकटच न्यावा लागंल, पण आमच्या बादलीत मावत नाही. उद्या टब घेऊन येतो.” उद्या मला वेळ नव्हता. मी बाही वर केली, हात पाण्यात घातला आणि मागचा बारका काटा दाबला. मोठा काटा लगेच खाली बसला. मासा सैल होऊन मागं धरलेल्या जाळीत सरकला आणि बादलीत पडताना त्याच्या अंगातून घर्र असा आवाज निघाला. मासा आवाज करतो हे मी तोवर ऐकलं नव्हतं. माणसं म्हणाली, “वा ताई.” मलाही तेव्हा काम उरकल्याचं समाधानच वाटलं. टाकी भंगारात गेली. फिल्टर काढताना त्या माणसांनी नळी कापली. तो दगड बरा जड होता, म्हणून मी ड्रमच्या झाकणावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी भाऊजींना घरी आणलं. पलंगावर झोपवल्यावर त्यांनी टाकीच्या जागी भिंतीवर राहिलेला पाण्याचा डाग पाहिला. मासा कुठं दिला ते मी सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, “दगडात शिरला असंल ना?”

“हो.”

“मग... काढला कसा?”

मी म्हणाले, “काढला नाही. दगडासकट नेला.”

“बरं केलंत, वहिनी,” ते म्हणाले. “ओढला असता तर काटा मोडला असता.”

पुढं चार आठवडे ते होते. भेटायला माणसं यायची, हॉलमध्ये फराळ करून मागच्या खोलीत जायची. टाकी कुठं गेली म्हणून विचारायची. भाऊजींना बोलताना दम लागायचा, पण हे ते प्रत्येकाला सांगायचे, “वहिनींनी दगडासकट पाठवलं त्याला.” मी तिथंच चहाचा ट्रे घेऊन उभी असायची. एकदाही म्हणाले नाही, की तसं झालं नाही.

त्या रविवारी कापलेली नळी हातात घेऊन मी माझ्या नवऱ्याला विचारलं, की ही काय भानगड आहे. ते म्हणाले, “मोहनच्या फिल्टरची. गाळून जे पाणी बाहेर फेकलं जायचं, ते तो ड्रममध्ये सोडायचा. तुझ्या फरशीला, झाडांना. तुला माहीत नव्हतं?”

“तुम्ही कधी बोलला नाहीत.”

“तोच म्हणाला होता, वहिनीला सांगू नको. गल्लीत ती सगळ्या बायांना सांगती, आमच्याकडे आठव्या दिवशीपण पाणी असतं. तिला वाटतं तिची काटकसर आहे. वाटू दे.”

मी खरंच सगळ्या गल्लीला सांगत होते. शेजारणींना पाणी वाचवायचे धडे देत होते. दहा वर्षं.

मी ड्रम घासायला लागले. घासून झाल्यावर तो सरळ केला, झाकण लावलं आणि दगड उचलून पुन्हा त्यावर ठेवला. ठेवताना समोर पाहिलं. समोर भाऊजींची खिडकी होती, आत त्यांचा पलंग. खिडकीपासून ड्रम चार पावलांवर आहे. पलंग खिडकीकडे तोंड करून मीच लावला होता, त्यांना अंगण दिसावं म्हणून. आणि मग आठवलं... घरी आल्यावर तिसऱ्या की चौथ्या दिवशी ते म्हणाले होते, “वहिनी, माझी उशी त्या टोकाला करता का? ऊन येतंय डोळ्यावर.” मी लगेच केली. त्या खिडकीला ऊन येत नाही, ती उत्तरेला आहे. घर मी बांधून घेतलंय, मला माहीत होतं. त्या वेळी डोक्यात आलं नाही. पाहुण्यांना ते दगडासकटची गोष्ट सांगत होते, ती त्यानंतरही शेवटपर्यंत.

त्यांनी दगड पाहिला होता की नाही, हे मला आता कुणी सांगू शकत नाही. पाहिला नसेल असं म्हणून मी दिवसभर स्वतःला समजावून बघितलं. जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसात फोन करून उशिरा येते म्हणून सांगितलं. दगड ब्रशनं घासला. भोकांमध्ये कोळ्यांनी जाळी केली होती, ती जुन्या टूथब्रशनं काढली. साबण लावला नाही, माशाच्या वस्तूला साबण लावायचा नाही एवढं मला माहीत होतं. ओल्या गोणपाटात गुंडाळून तो स्कूटीवर पायाशी ठेवला आणि दवाखाना उघडायच्या आधी जाऊन पायरीवर उभी राहिले. डॉक्टर आले, दार उघडलं, गोणपाटाकडे पाहून म्हणाले, “हे काय आणलं, ताई?”

मी म्हणाले, “त्याचा दगड. बरोबर द्यायचा होता, मी दिला नाही.”

“वाळलाय पार. आधी काही दिवस वेगळ्या खाऱ्या पाण्यात ठेवावा लागेल.”

“ठेवा. पण नंतर टाकीत टाका,” मी म्हणाले. आतून टक् असा आवाज आला. मी चप्पल दाराशी काढली आणि दगड दोन्ही हातांनी धरून आत नेला.