दुसरी प्रत

बाबांचा आवाज घशाच्या ऑपरेशनमध्ये गेला. त्यांची जुनी रेकॉर्डिंग घरच्या सर्व्हरवर जपायची म्हणून मी दोन स्वस्त हार्ड डिस्क आणल्या. "ताई, डोळे झाकून घ्या," दुकानदार म्हणाला. तेव्हापासून माझी नजर त्या डिस्कवरून हललेली नाही. हिरवा दिवा लुकलुकतो. तो खरंच काम करतोय की माझ्यासारखा नुसतं हो-हो करतोय?

"दोन्ही एकाच कपाटात?" आई म्हणाली. "लोणच्याची एक बरणी मी मावशीकडे ठेवते, ती काय उगाच?"

ज्याची दुसरी प्रत नसते, त्याच्यावर माणूस प्रेम कमी, पहाराच जास्त करतो.

मावशीकडे द्यायची डिस्क मी आधी लावून पाहिली. "अगं, चहा टाक," बाबांचा आवाज आला. शेजारी बसलेल्या बाबांनी संशयाने कान दिला. मग हळूच स्वतःकडे बोट दाखवलं: मीच.