नदीची मुलगी

माझी नोकरी ऐकली की लोक आधी हसतात आणि मग किलोचा भाव विचारतात. मी कोळंबीच्या पैदास केंद्रात काम करतो. मूळचा लाटंबार्शाचा, म्हणजे भात आणि काजूतला माणूस. कोळंबी लहानपणी पाहिली ती ताटात. आता मात्र तिची सात पिढ्यांची कुळकथा मला तोंडपाठ असते, आणि बायकोच्या चुलत भावंडांची नावं अजून चुकतात.

त्या वर्षी आमच्या टाक्यांवर संकट होतं. वाघी कोळंबीतली मोठी, चपळ तेवढीच निवडून पुढची वीण घ्यायची, असं आम्ही पिढ्यान्‌पिढ्या करत आलो होतो. निवड इतकी कडक झाली की टाकीत सगळे एकमेकांचे मावस-मामेभाऊच उरले. पिल्लं किरटी निघू लागली. एक रोग आला असता तर सगळं घराणं एकदम गेलं असतं. नदीतली, बाहेरच्या रक्ताची एक मोठी मादी हवी होती, आणि जिवंत हवी होती.

माझी सासुरवाडी पेडण्यात, शापोरा नदीच्या काठी. तिथे खाडीकाठच्या खाजनशेतीच्या बांधात मानस असते, म्हणजे भरतीचं पाणी आत घेणारं लाकडी दार. ओहोटीला त्या दाराशी जाळं लावून सासरे मासळी धरतात. मी त्यांना फोनवर सगळं समजावलं.

"म्हणजे तुमच्याकडे सगळी एकाच घरातली," सासरे म्हणाले. "मगे सोयरीक जुळतली कशी?"

इतक्या थोडक्यात हा विषय मला अजून कुणाला सांगता आलेला नाही.

"काळजी करू नका, जावयबापू. आमच्या न्हंयतला चेडू दितंय तुमका." न्हंय म्हणजे नदी, चेडू म्हणजे मुलगी.

आणि खरंच एके दिवशी जाळ्यात वीतभर लांब, काळ्या पट्ट्यांची मादी आली. सासऱ्यांनी तिला मोठ्या टबात नदीच्याच पाण्यात ठेवलं. नातवाच्या माशांच्या पेटीतला हवेचा पंप काढून तिला लावला, वर टोपली झाकली. रोज ताजं पाणी. फोनवर तिची खुशाली सांगताना ते माझ्या बायकोची चौकशी करायचे विसरू लागले, त्यावरून आमच्या घरी थोडी धुसफूसही झाली.

सोमवारी गेलो असतो तर ती वाचली असती. सोमवारी त्या घरात मासळी शिजत नाही. मी बुधवारी गेलो.

सासरे मानशीवर होते, आल्यावर सगळे एकदमच जेवायला बसलो. माझ्या पानावर सासूबाईंनी रव्यात घोळून तळलेली एक भलीमोठी कोळंबी ठेवली. बाकीच्यांना सुंगटांचं हुमण, म्हणजे बारक्या कोळंबीची आमटी. गणपतीनंतर पहिल्यांदाच जावई आलेला, तेव्हा हे रीतीप्रमाणेच होतं. मी बोटं चाटून खाल्ली, तोंडभर स्तुती केली. मग हात धुऊन सासऱ्यांबरोबर मागीलदारी गेलो.

त्यांनी टोपली उचलली. पंप इमानेइतबारे बुडबुडे सोडत होता. टबात दुसरं काही नव्हतं.

सासूबाई पदराला हात पुसत दाराशी आल्या. त्यांना सगळं ठाऊक होतं, लपवायचं असं त्यांना काही वाटतच नव्हतं.

"तुमच्या टाकयेक दुसरा खंयचाय चलात. जावयाच्या पानार बारकी सुंगटा वाडूक माका लाज दिसता."

बायकोला हसू आवरेना. सासऱ्यांनी पंप बंद केला. पंपाची वायर काढून ती नीट गुंडाळत बसले. मी नकळत पोटावर हात ठेवला. ती तिथे होती.

शेवटी मी उष्ट्या पानावरची शेपटी उचलून नमुन्याच्या बाटलीत टाकली. तळलेल्या मांसातून तपासण्याजोगा डीएनए हाती लागणं कठीण, पण कवचाखाली ते किंचित कच्चं राहिलं होतं. हे मी सासूबाईंना आजतागायत सांगितलेलं नाही.

तपासणीचा निकाल आला तेव्हा सासऱ्यांचाच फोन आला.

"कसा होता आमचा चेडू?"

"तिच्यासारखी आमच्या टाक्यांत एकही नाही," मी सांगितलं. मला फार वाईट वाटत होतं.

 ते म्हणाले, अमावास्येच्या उधाणाला पुन्हा जाळं लावून बघतो. तेव्हापासून दर उधाणाला ते लावतात. अजून तशी सापडलेली नाही.

आणि मी त्या दिवशी पानावर बसून विचारलं होतं, "आणखी एक आहे का?"