संतराम जिल्दसाजाची खूण

१४ डिसेंबर १९४६ रोजी हैदराबादच्या विद्यापीठाने वऱ्हाडच्या सरहद्दीजवळच्या पुसेगावच्या संतराम जिल्दसाजाला निजामी हाली चलनात सत्तावीस रुपये आठ आणे इतके इनाम दिले. हा त्याचा एका महिन्याचा पगार होता. पाच वर्षांत त्याने ग्रंथालयाची दोन हजारांवर पुस्तके बांधली आणि त्यांतले एकही बांधणी सुटून परत आले नाही, असे सनदेत लिहिले होते. त्या वर्षीच्या अहवालात प्राध्यापकांच्या पदव्यांखाली शेवटच्या ओळीत त्याचेही नाव छापले गेले. सनद त्याने गावच्या घरात चौकटीत लावली. गावात कोणीही आले की आधी ती दाखवली जाई.

संतरामला काम शिकवणाऱ्या उस्तादांची एक रीत होती. बांधणी मनासारखी झाली की मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या कोपऱ्यात पिंपळपानाचा छोटा ठसा उमटवायचा. मरण्याआधी त्यांनी तो पितळी ठसा संतरामला दिला. असा दुसरा ठसा आमच्या भागात नव्हता.

१९४८ च्या वैशाखात तो मुलीच्या लग्नासाठी रजेवर आला आणि अडकला. गाड्यांचा भरवसा राहिला नव्हता. शाळा बंद होती, आणि मास्तर गाव सोडून जाण्याआधी तिची हजेरीची वही त्याच्याकडे बांधायला देऊन गेले होते. लग्नाच्या चौथ्या दिवशी भर दुपारी तातेराव त्याच्या ओसरीवर आले. ते गावातले मोठे शेतकरी. त्यांनी पगडीतून घडी केलेला कागद काढला. निजामाविरुद्ध लढायला सरहद्दीपलीकडे वऱ्हाडात गेलेल्या पोरांच्या छावणीला कोणी किती ज्वारी दिली, ते त्यावर लिहिलेले होते. एकोणीस नावे, एकोणीस अंगठे.

"जाळून टाका ना दादा," संतराम म्हणाला.

"कसा जाळू? ज्वारी परत देईन असा माझा शब्द हाय. कागद गेला तं शब्द गेला. तू पुठ्ठ्यात घाल. हे तुझ्या-माझ्यातच ठेव."

"अन् सापडला तं?"

"तुझी बांधणी सुटत न्हाई म्हणून सरकारनं तुला कागद देला ना? मंग?"

संतराम हसला. नाही म्हणणे त्याला जमले नाही.

खळीत मोरचूद घातला नाही तर कसर लागते. तो पुनमचंदच्या दुकानी गेला. पुनमचंदने पुडी बांधता बांधता विचारले, "शाळा बंद, मास्तर पळालेला. ह्या दिवसात काय बांधून राहिला, संतराम?"

"हजेरीची वही."

"लेकरं न्हाईत, अन् हजेरी बांधून राहिला. बरंय. दोन आणे मांडून ठेवतो."

त्याने पुढे काही विचारले नाही. ते न विचारणेच संतरामच्या मनात राहिले.

कागदाचे थर एकावर एक चिकटवून त्याने पुठ्ठा केला. यादी मधल्या थरात गेली. चार दिवस दगडाखाली दाबून त्याने वही बांधली. वही हातात घेऊन बायको शकुबाईने कोपऱ्यावर बोट ठेवले.

"ही खूण काहून केली?"

त्याने पाहिले. "हात आपोआप गेला."

जूनमध्ये रझाकारांनी शाळेत ठाणे घातले. त्यांनी गावातून शाळेचे सगळे सामान गोळा केले, त्यात ती वहीही गेली. पाऊस लागला. शाळेचे छप्पर गळते हे सगळ्या गावाला माहीत होते. ओलीने पुठ्ठा फुगतो, फुगला की थर सुटतात. संतराम रोज शाळेवरून जाई, पण आत बघत नसे.

आषाढात ठाण्यातून बोलावणे आले. प्रमुखाच्या पुढ्यात हजेरीची वही होती आणि शेजारी सुट्या पानांची एक नवी चळत. वहीच्या पुठ्ठ्यावर हात फिरवत तो म्हणाला, "हैदराबाद का कारीगर है बोलते. ये गत्ता हमारे रजिष्टर कू लगा. यहीं बैठ के."

संतराम तिथेच बसला. सुरीने शिलाई कापून त्याने पुठ्ठे अलग केले. प्रमुखाने मागचा पुठ्ठा उचलून नखाने कड खरवडली.

"इत्ता मोटा कायकू?"

"उस्ताद ऐसाच सिखाए, हुजूर."

प्रमुखाने पुठ्ठा परत टाकला. पाने शिवताना संतरामला पहिल्या पानावरची, अटक करायच्या माणसांची नावे दिसली. सर्वांत वर तातेरावांचे होते.

तो थेट त्यांच्या घरी गेला. "दादा, आजच वऱ्हाडात निघा. तुमचं नाव हाय."

"पेरणी चालू हाय. चार दिसांनी बघू."

तिसऱ्या दिवशी तातेरावांना नेले. ते परत आले नाहीत. त्याच आठवड्यात पुनमचंदने दुकानाला कुलूप लावले आणि तो वाशीमकडे निघून गेला.

सप्टेंबरात भारताच्या फौजा आल्या. ठाणे एका सकाळी रिकामे झाले, रजिस्टर तिथेच राहिले. ऑक्टोबरात चौकशीचा अंमलदार आला. मी तेव्हा त्याच्याकडे तात्पुरता कारकून होतो. जप्तीच्या यादीत मीच लिहिले: अनुक्रमांक सतरा, अटकेच्या नावांचे रजिस्टर एक, बांधणी उत्तम.

अंमलदाराने पिंपळपानावर बोट ठेवले. "ही खूण कोणाची?"

जमलेल्या माणसांतून कोणीतरी म्हणाले, "संतरामची. घरात सनद बी लावलेली हाय, निजामाची."

संतराम पुढे झाला. "माझीच हाय, साहेब. पुठ्ठा चिरून पाहा. आत तातेरावांची यादी हाय."

"हे कोणाला माहीत आहे?"

"तातेरावांना."

तातेरावांच्या पत्नी द्वारकाबाई तिथेच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "पहिलं नाव आमच्या मालकाचं. अन् वही ह्यानं बांधून देली." एवढे बोलून त्या घरी गेल्या.

संतरामने सुरी काढली. अंमलदाराने त्याचे मनगट धरले. "हा पुरावा आहे. याला कोणी हात लावायचा नाही." रजिस्टर कापडात गुंडाळून मोहरबंद झाले आणि हैदराबादला गेले. पावती मी लिहिली. पुठ्ठा उघडावा असा संतरामचा अर्जही मीच पुढे पाठवला. त्याला उत्तर आले नाही.

विद्यापीठाने परत कामावर घेण्याआधी वर्तणुकीचा दाखला मागितला. अंमलदाराने दिला नाही. ज्वारी देणाऱ्या एकोणीस घरांपैकी एकानेही पुन्हा संतरामकडे वही बांधायला दिली नाही. सनद शकुबाईने चुलीत घातली. ठसा त्याने ठेवला, पण नंतर तो कशावर उमटलेला मी पाहिला नाही.

वैशाखात मोरचूद हजेरीच्या वहीसाठीच नेला होता, हे सांगू शकला असता तो पुनमचंद वाशीमहून परतला नाही. त्याचे मोरचुदाचे दोन आणे द्यायचे राहिले आहेत.