पाच अंश आधीची ठिणगी

मिस्त्रीकाकांना विमानाची भीती वाटायची. उभ्या विमानाची नाही हं! उभ्या विमानाच्या पोटात कोपरापर्यंत हात घालायला त्यांनी एकतीस वर्षांत कधी मागेपुढे पाहिलं नव्हतं. त्यांची तक्रार होती ती त्यानं उडण्याबद्दल. घरी पंखा पुसायला स्टुलावर चढले, तरी बायको खालून स्टूल घट्ट धरून म्हणायची, "अहो, डोळे उघडा, नाहीतर भिंत पुसाल."

हे गुपित फक्त तिलाच ठाऊक. फ्लाइंग क्लबात काकांचा दरारा होता. कुणी "चला की एक चक्कर" म्हटलं, तर काका हात पुसत म्हणायचे, "स्वयंपाक करणाऱ्याची भूक मेलेली असते हो." लोक म्हणायचे, काय हा साधेपणा! साधेपणा कसला, डोंबलाचा!

मग गेलं वर्षभर क्लबात उड्डाण शिकवणाऱ्या बाई मुख्य वैमानिक झाल्या आणि झाल्या त्याच दिवशी त्यांनी नियम केला: दुरुस्तीनंतर लॉगबुकात ज्याची सही, त्यानं पहिल्या उड्डाणाला बाईंच्या शेजारी बसायचं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काकांनी जरा जास्तच जोरात वाजवल्या, कुणाला संशय नको म्हणून.

आणि नेमकं तेव्हाच पिवळं विमान काकांच्या गळ्यात पडलं. आठ महिन्यांपूर्वी काकांनी त्याचं जुनं इंजिन काढून वेगळ्या बनावटीचं बसवलं होतं, तेव्हापासून त्याचं काहीतरी बिनसलंच होतं. सुरू करताना पंखा उलटा झटका द्यायचा. इंजिन मंद केलं की खोकायचं आणि समोरचे काटे थरथरायचे. बाई म्हणाल्या, "काका, शुक्रवारपर्यंत बघा. नाही जमलं तर बाहेरच्या वर्कशॉपला देऊ."

झालं! इकडे आड, तिकडे विहीर. खोकला राहिला तर एकतीस वर्षांची अब्रू जाणार, आणि गेला तर काका वर जाणार.

तेव्हा काकांनी काम अगदी मन लावून आणि अगदी हळू केलं. सोमवारी प्लग घासले. मंगळवारी कार्बोरेटर उघडला. बुधवारी कुठून हवा शिरते का म्हणून सगळे पाइप आणि सांधे तपासले. काहीच सापडेना आणि काकांची कळी खुलत चालली. बायकोनं विचारलं, "दुखणं नक्की कुणाला आहे? इंजिनाला की तुम्हाला?"

गुरुवारी टायमिंग. पिस्टन पूर्ण वर पोहोचायच्या किती अंश आधी ठिणगी पडते, ते बघायचं. ते तर काकांनी स्वतःच लावलं होतं. पंचवीस! क्लबातल्या सगळ्या विमानांचं पंचवीसच. झोपेतून उठवून विचारलं असतं, तरी त्यांनी पंचवीसच सांगितलं असतं. तपासलं, तर यंत्रावरचा ठिणगी दाखवणारा दिवा बरोबर पंचवीसला लागला. आता उरलेला दिवस काढायचा कसा? म्हणून काकांनी फडकं रॉकेलात बुडवलं आणि इंजिनावरची तेलकट पाटी पुसायला घेतली.

पाटीवर लिहिलं होतं, वीस.

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. वीसचे काही पंचवीस होईनात. अरे देवा! म्हणजे ठिणगी पाच अंश आधीच पडत होती. जिना चढून येणाऱ्या माणसाच्या तोंडावर दार आपटावं, तसं ते बिचाऱ्या पिस्टनला होत होतं. पाटी वाचायची तसदी घ्यायला एकतीस वर्षांचा अनुभव आडवा आला होता.

दोन नट सैल करून ठिणगी पाडणारा मॅग्नेटो जरासा फिरवायचा, एवढंच काम. काकांनी ते केलं. प्लग काढून सिलिंडरमध्ये दिवा घालून पाहिलं, कुठे इजा नव्हती. इंजिन सुरू केलं. झटका नाही, खोकला नाही, काटे जागच्या जागी.

काका मात्र हत्यारांच्या पेटीवर मटकन बसले. आठ महिने बाई आणि शिकणारी पोरं या इंजिनावर विसंबून वर जात होती, आणि आपण खाली चहा पीत होतो. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली. मॅग्नेटो गुपचूप फिरवला हे कुणाच्या बापालाही कळलं नसतं. त्यांनी लॉगबुक उघडलं आणि लिहिलं: "टायमिंग वीसऐवजी पंचवीसला लावलं होतं. पाटी वाचली नव्हती. चूक माझी." खाली सही केली.

बाईंनी ते दोनदा वाचलं. "सकाळी आठला निघू," एवढंच म्हणाल्या.

शुक्रवारी विमान उडालं, तेव्हा काकांनी दोन्ही हातांनी सीट धरली होती आणि डोळे गच्च मिटले होते. वर गेल्यावर बाईंनी इंजिन मंद केलं. एकदम शांत! काका किंचाळले, "बंद पडलं!"

"नाही हो काका, ऐका तरी."

काकांनी एक डोळा उघडला. इंजिन शहाण्यासारखं चाललं होतं. विमानात आता फक्त काकांचे गुडघे थरथरत होते.

उतरल्यावर विमान हँगरपाशी थांबलं, तरी काका उठेनात.

"काका, तुम्हाला भीती वाटते?"

स्वयंपाकाचं वाक्य काकांच्या जिभेवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं. "वाटते. फार वाटते. पहिल्यापासून."

"मग मला सांगायचं नाही का? नियम मीच केलाय, तुमच्यापुरता सोडला असता. कशाला आलात?"

"आठ महिने तुम्हाला पाठवत होतो की," काका म्हणाले आणि पट्टा सोडायला लागले. बोटांना तो काही सुटेना, तेव्हा बाईंनी वाकून सोडवला.