मामांचं नाक आणि बुडालेली गाडी

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर मामांच्या गमती सांगता सांगता नेमकी तीच गोष्ट राहून जाईल. बरेच दिवस मी तेच करत आलो.

मामा गाडी बघायला लागले की आधी आत बसत, चारी काचा वर करत, डोळे मिटत आणि हुंगत. इंजिन नंतर, मीटर नंतर, आधी वास. बाहेर गिऱ्हाईक उन्हात ताटकळत उभं, आणि आत हा पांढऱ्या मिशांचा माणूस समाधी लावून बसलेला. मग दार उघडून निकाल: "कुत्रं बसत हुतं हिच्यात." किंवा, "मालक बिड्या वढतो, घरात ठाव न्हाई." हे दुसरं त्यांनी मालकाच्या बायकोसमोरच सांगितलं होतं.

लातूरला नांदेड रोडवर माझं जुन्या गाड्यांचं यार्ड आहे. मामा देवणीकडचे. सगळं आयुष्य बैलबाजारात गेलेलं. हेडी, म्हणजे बैलांची खरेदी-विक्री करणारे. ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले, बाजार ओस पडला. एक दिवस ते माझ्याकडे जीप घ्यायला आले, घेतली आणि दुसऱ्या दिवशी परत हजर. मला वाटलं, तक्रार आणली. तर म्हणाले, "घरी करमंना. हितं बसू का?" लिंबाखाली खुर्ची दिली. तिच्यावर ते काही वर्षं बसले. नात्याने माझे कोणी नव्हते, पण सगळे मामा म्हणत, म्हणून मी आपोआप भाचा झालो.

इंजिनातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, हेही सांगायला हवं. बोनेटवरच्या पोच्याला ते बैलाच्या अंगावरच्या केसांसारखा भोवरा म्हणत, आणि भोवरा वाईट जागी असला की गाडी अपशकुनी ठरे. एक धडधाकट गाडी तिचे पुढचे दिवे रडके दिसतात म्हणून त्यांनी मला घेऊ दिली नाही. भाव करताना गिऱ्हाइकाचा हात उपरण्याखाली ओढून बोटं दाबत. बैलबाजाराची ती रीतच आहे. एका बँकेतल्या साहेबांनी दचकून हात काढून घेतला.

"अहो, हे काय करताय?"

"तुमचा भाव चारचौघांत कशाला बोलू?" मामा म्हणाले. साहेब हात पुसत निघून गेले.

पण बाजाराचा एक नियम त्यांनी अजिबात सोडला नाही. जनावराची खोड विकणाऱ्याने आपल्या तोंडाने आधी सांगायची. मारकं असेल, बसकं असेल, डाव्या अंगाला जुंपलं तर चालत नसेल, जे असेल ते. लपवलेली खोड मागून निघाली, तर जनावर कुरकुर न करता परत घ्यायचं.

माझ्याकडच्या निम्म्या गाड्या अपघातात ठोकलेल्या, पुन्हा उभ्या केलेल्या. माझा नियम स्टॅम्पपेपरवर होता: ‘गाडी जशी आहे तशी पाहून घेतली, पुढे तक्रार नाही.’ मामा हा कागद मला गिऱ्हाइकासमोर वाचायला लावत.

"जशी हाय तशी म्हंजी कशी हाय?"

"मामा, ते कायदेशीर वाक्य आहे."

"आसू दे की. पर कशी हाय?"

आणि मग स्वतःच सांगत. "ताई, हिला उजवीकडून ट्रकनं घेतलंय. दार नवं बशिवलंय, पावसाळ्यात लागत न्हाई, मांडीनं ढकलावं लागतंय. बाकी गुणाची हाय." ताई उठून जात. मी कपाळाला हात लावी. तुम्हीही तेच केलं असतं. पण काही दिवसांनी त्याच ताई परत आल्या, मांडीने दार ढकलून बघितलं आणि गाडी घेऊन गेल्या. लोकांमध्ये बोलबाला झाला, की मामाने सांगितली तेवढीच खोड. न सांगितलेली नाहीच. पुढे पुढे तर मामा गाडीबद्दल गप्प राहिले, की त्या गप्प राहण्यावरच ती विकली जाई.

एकदा मुदखेडजवळ पलटी झालेल्या एका जीपची मालकी बदलायला आम्ही आरटीओत गेलो. मामांनी खिडकीतून मान आत घातली.

"साहेब, हिच्या बुकात लिवा, ही पलटी झाल्याली हाय म्हनून."

"तसा रकाना नाही, मामा."

"रंग लिवायला जागा हाय, आन् हाड मोडल्यालं लिवायला न्हाई?"

"नाही."

"पोरीच्या पत्रिकेत मंगळ लिवतेत. मंग हिचा मंगळ कुटं लिवायचा?"

रांग हसली, साहेबही हसले. पण रकाना नव्हता तो नव्हताच. गाडी पार कामातून गेली तर मालकाने कळवून तिची नोंदणी रद्द करून घ्यावी, असा कायदा आहे. प्रत्यक्षात विमा कंपनी पूर्ण भरपाई देते, मोडकी गाडी भंगाराच्या भावात आमच्यासारख्याकडे येते आणि जिवंत आरसी बुक तिच्यासोबत येतं. आम्ही गाडी उभी करतो, ती नव्या मालकाच्या नावावर चढते, आणि मधलं मरण कागदावर कुठेच दिसत नाही. मामांना याचा राग यायचा. मला ते सोयीचं वाटायचं.

नांदेडला एका पावसाळ्यात नदीकाठच्या इमारतींच्या तळघरांत पाणी शिरलं. त्यात टपापर्यंत बुडालेली एक पांढरी गाडी मला भंगारात मिळाली. ती मी मुद्दाम यार्डात आणली नाही. मुदखेडला गफूरभाईंच्या गॅरेजात ठेवली. त्यांनी सीटा काढून पापडासारख्या वाळवल्या, चिखल धुतला, नवी कव्हरं घातली. गाडी देताना म्हणाले, "भाई, गाडी सूख गई. पण वायरीतलं पाणी जिन्नासारखं असतंय. कधी उठंल, सांगता येत नाही. विकताना सांगून विका."

"सांगतो," मी म्हणालो. तेव्हा माझ्या मनात तसं होतंही.

गाडी लातूरला आली. मामा आत बसले, काचा वर केल्या. नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला.

"भाचे, गाळाचा वास येतो."

"नव्या कव्हरांचा असेल, मामा."

"कव्हराचा आसा येत न्हाई. म्हशी बसत्यात त्या डोहाचा वास हाय."

"तुम्हाला सर्दी झालीय," मी म्हणालो.

मामांनी नाक ओढून बघितलं. "आसंल," म्हणाले. "खोड?"

"काही नाही." आणि वर मी त्यांच्या हातात आरसी दिली. "बघा, कुठे काही लिहिलंय का?"

तिथे लिहायला जागाच नसते, हे मला माहीत होतं. त्यांनाही माहीत होतं. पण त्यांनी माझ्या शब्दावर विसंबून स्वतःच्या नाकाला खोटं पाडलं.

आठवड्याभरात ती गाडी विकली गेली. घेणारे मामांचेच व्याही. उमरीचे किराणा दुकानदार, माळकरी, बोलायला तिखट. मामांची लेक त्यांच्या घरात दिलेली. त्यांनी विचारलं, "खोड काय, व्याही?" मामा छातीवर हात ठेवून म्हणाले, "बिनखोड. माजा शब्द." मी शेजारी उभा होतो. त्या वेळी तोंड उघडलं असतं, तरी भागलं असतं. मी पेढे आणायला माणूस पाठवला.

जिन्न उठला तो दहाव्याला. उमरीतल्या एका प्रतिष्ठित माणसाचा दहावा, सगळा गाव नदीवर, पिंड ठेवलेला, कावळा शिवायची वाट बघत माणसं हात जोडून उभी. व्याह्यांची गाडी काठावर, आत विहीणबाई. झाडावरचा कावळा खाली उतरला आणि गाडीचा हॉर्न आपोआप वाजायला लागला. थांबेचना. कावळे उडाले ते परत येईनात. घरच्यांनी पिंडासमोर शेताचं वचन दिलं, धाकट्याच्या लग्नाचं दिलं, भावकीतला खटला मागे घ्यायचं दिलं. हॉर्न चालूच. शेवटी कुणीतरी बॅटरीची वायर तोडली. पण तोवर भावकीने बरंच काही कबूल करून टाकलं होतं.

मामा मला घेऊन उमरीला गेले. तिथल्या मिस्त्रीने डॅशबोर्ड उघडला. आत वाळलेला गाळ, आणि गाळात बोटाएवढी सुकलेली मासोळी.

व्याह्यांचा हात गळ्यातल्या माळेवर गेला. "व्याही," ते म्हणाले, "आमच्या सात पिढ्यांनी शिवली न्हाई, ती तुम्ही गाडीतून धाडली."

मामा मासोळीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "नाक सांगत हुतं. म्या ऐकलं न्हाई." व्याह्यांनी माझ्याकडे बोट केलं, तसे मामा मध्ये आले. "त्याला बोलू नका. पोरगं सरळ हाय. त्याला जनावर कळत न्हाई, एवढंच. चूक माजी." आणि आपल्या जीपची चावी त्यांनी व्याह्यांच्या हातात ठेवली.

बुडालेली गाडी घेऊन आम्ही दोघं उमरीहून लातूरला निघालो. मिस्त्रीने जोडलेली वायर मनात येईल तेव्हा बोले. रस्त्यावरचे ट्रक आम्हाला वाट देत होते, म्हशी बाजूला होत होत्या, एका वरातीने बँड थांबवून रस्ता मोकळा केला. मी सांगायला तोंड उघडलं की नेमका हॉर्न वाजे. तिसऱ्यांदा तसं झाल्यावर मी प्रयत्न सोडला, आणि खरं सांगतो, मला हायसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मामा यार्डात आले ते उभ्यानेच. "नाक गेल्याल्या हेड्यानं बाजारात बसू नये," म्हणाले आणि गावी निघून गेले. मी ती गाडी आरटीओत नेऊन तिची नोंदणी रद्द करून घेतली, भंगारात तोडायला दिली. वाटलं, आता मन हलकं होईल. मामांना कळलं, तर त्यांचा फोन: "माज्या चुकीपायी तुजं नुसकान झालं रे."

मी त्यांच्या गावी गेलो, सांगायचं ठरवूनच. मामा घरात नव्हते. मामी म्हणाल्या, "लातूरला डाक्टरकडं गेलेत नाक दावायला. मागल्या टायमाला डाक्टर म्हनला, नाक चांगलं हाय. तर ह्यांचं म्हननं, त्याला काय कळतंय, त्यानं कधी बैल हुंगलाय का? आता रोज सकाळी डोळे झाकून बसतेत. म्या म्होरं हिंग धरायचा, कांदा धरायचा, शेण धरायचं."

"आणि ओळखतात?"

"समदं वळखतेत. आन् म्हनतेत, तू मला बरं वाटावं म्हनून हाव म्हनायलीस."

मी मामींच्या हातचं पिठलं-भाकरी खाऊन, काहीही न बोलता परत आलो. बैलाला वेसण घालतात तशी एका माणसाच्या नाकात मी शंका घालून ठेवली होती, आणि तो मलाच सरळ म्हणत होता.

पुढे त्यांच्या लेकीला मुलगा झाला. उमरीला बारसं. मामांनी मलाही बोलावलं. पुरुषांची पंगत अंगणात, बायकांची ओसरीवर. मी वाढायला लागलो, हातात वरणाची बादली. व्याह्यांनी पाहुण्यांना मामांची ओळख करून दिली.

"हे आमचे व्याही. गाडी घेतली तर ह्यांच्याकडूनच घ्या. आत मासोळी फुकट!"

पंगत हसली. मामाही हसले. शेजारच्याला म्हणाले, "खरं हाय. नाक गेलं आमचं." दारात बाळ घेऊन उभी असलेली त्यांची लेक मात्र हसली नाही. ती खाली बघत होती. ही चेष्टा त्या घरात तिने किती वेळा ऐकली असेल, ते मला त्या मान खाली घालण्यावरून कळलं.

"मामांचं नाक गेलेलं नाही," मी म्हणालो. हे इतक्या हळू, की फक्त बादलीला ऐकू गेलं असावं.

"आं?" मामा म्हणाले.

"गाडी बुडालेली होती. मला माहीत होतं."

"कोण बुडालं?" व्याह्यांनी घास हातात धरून विचारलं.

मामांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहतील असं वाटलं होतं. ते तसं पाहणं नव्हतं. गाडीत काचा वर करून बसत तेव्हा त्यांचा चेहरा जसा होई, तसा झाला होता. मग ते म्हणाले, "मोठ्यानं बोल."

मी बादली खाली ठेवली. "मामांनी त्याच दिवशी ओळखलं होतं! गाळाचा वास येतो म्हणाले होते! मीच खोटं बोललो, त्यांना सर्दी झालीय म्हणालो. तुमची गाडी मी फसवून विकली. चूक त्यांची नाही, माझी आहे!"

कुणीतरी हातातला पापड मोडला, तो आवाजही ऐकू आला. व्याह्यांनी घास पत्रावळीवर ठेवला. लेकीने मान वर केली.

ओसरीवरून विहीणबाईंचा आवाज आला. त्यांना कमी ऐकू येतं. "काय म्हनायलाय त्यो? वरण सपलं का?"

पंगतीत कुणाला हसू आलं, कुणी दाबलं. मामांनी पत्रावळीवरचा भात कालवायला घेतला होता. वर न बघता ते म्हणाले, "भाचे, त्यांना ऐकू गेलं न्हाई. परत सांग."

मी ओसरीच्या पायरीजवळ गेलो, घसा साफ केला, आणि या खेपेला दुसऱ्या टोकापासून, जे म्हणायचं राहूनच गेलं होतं तिथून, सुरुवात केली.

"मामा," मी ओरडून म्हणालो, "मला माफ करा."