खदानीतला गणपती

डॉक्टरकी सोडून मी समुद्राचा तळ धुंडाळणाऱ्या पथकात गेले, त्याला आता बरीच वर्षं झाली. तरी रायपूरला माहेरी आले की बूढापाऱ्यातल्या शेजारच्या काकू विचारतातच, "काहून वं, एवढी डॉक्टरीण होऊन मासोळ्या मोजून राहिली काय?" डोकं सणकतं. देवावरही माझा राग तेवढाच होता. वॉर्डात हात जोडून बसलेल्या आयांची पोरं माझ्या डोळ्यांदेखत गेली होती आणि त्याचा जाब द्यायला कोणी पुढे आलं नव्हतं.

यंदा गणपतीत मी आणि मालवणचा माझा सहकारी प्रकाश, एका बचाव पथकाला पाण्याखालचं काम शिकवायला सगळं सामान घेऊन रायपूरला आलो होतो. विसर्जनाच्या गडबडीत भावाने मातीच्या मूर्तीबरोबर देवघरातली पितळी मूर्तीही गावाबाहेरच्या खोल खदानीत सोडली. आईने जेवण टाकलं. "दुनियेसाठी पाण्यात जाऊन राहते तू, अन् आपल्या देवासाठी नाही जात?" पितळेच्या तुकड्यासाठी मी जीव धोक्यात घालायचा! मी तणतणतच निघाले.

तळाशी गाळ होता आणि जुन्या मूर्तींचे तारेचे सांगाडे. वरच्या सिलिंडरमधून नळीने हवा येत होती, मुखवट्यातल्या फोनवर काठावरून प्रकाश बोलत होता. गणपती सापडेना, उलट माझाच पाय तारेत अडकला. "सगळं ठीक?" प्रकाशने विचारलं. तार सोडवता सोडवता मी चिडून "हव" म्हणाले. समुद्रात आम्ही ठरलेले शब्दच बोलतो, पण माहेरी राहून आमचा इकडचा होकार जिभेवर आला होता. मालवणच्या माणसाने 'हवा' ऐकलं. त्याने लगेच दुसरं सिलिंडर सुरू केलं आणि पाय सुटताच मला वर बोलावून घेतलं.

काठावर येताच मी त्याच्यावर तुटून पडले. काम अर्धवट असताना वर काढलंच का?

"डॉक्टर, हवा तुम्हीच मागितली," म्हणत त्याने पहिल्या सिलिंडरची तोटी उघडली. आतून फुस्ससुद्धा आलं नाही. दाब दाखवणारा काटा मात्र अर्ध्यावर अडकून बसला होता. मी काट्याच्या काचेवर टिचकी मारली, तो हललाही नाही.

घरी ऐकून आई रडली. "राहू दे त्याले तिथंच," म्हणाली आणि रिकाम्या जागी तांदळावर सुपारी मांडून तिलाच गणपती म्हणून कुंकू वाहिलं. योगायोग म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. माझा राग गेलेला नाही. त्या पोरांचं काय, हे मी आजही त्याला विचारते. पण मी न मागितलेला श्वास मला मिळाला, आणि तोही मी त्याच्या नावाने बोटं मोडत असताना. हे उपकार नाकारण्याइतकी मी कृतघ्न नाही. तोवर मला वाटायचं, शरण जायचं तर आधी मन शांत हवं. त्या संध्याकाळी मी कपाळावरच्या आठ्यांसकट त्या सुपारीपुढे बसले आणि भांडतभांडतच हात जोडले.